‘आता ते घरी आहेत’

ती केस आठवली की आजही घास घशाखाली उतरत नाही. मी मूळचा नागपूरचा, पण सगळी नोकरी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या शहराच्या पोलीस खात्यात केली. देशी माणसांचं काही निघालं की कॅप्टन मलाच पुढे करायचा. मराठी काय अन् पंजाबी काय, त्याच्या लेखी सगळं एकच!

हिवाळा सरत आला होता. गुरुद्वाऱ्याच्या हॉलमध्ये शहिदांच्या तसबिरी लावलेल्या होत्या, त्यातली एक चोरीला गेली. तक्रारदार ट्रकचा धंदा करणारा तरुण सरदार. तसबीर त्याच्या वडिलांची होती. ते पंजाबात मारले गेले तेव्हा हा आईच्या पोटात होता. वेगळ्या शीख देशाची मागणी करणाऱ्यांचा तो आमच्या शहरातला म्होरक्या. रविवारच्या मिरवणुकीत वडिलांची तसबीर ट्रकवर सगळ्यांत पुढे राहायची होती. “हे हिंदूंचंच काम आहे,” तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी एका मराठी काकांचा फोन आला. “साहेब, मिरवणूक आमच्या मंदिरावरून जाते. तसबीर मिळाली नाही तर ती पोरं दारातच बसणार म्हणे. आमचीही पोरं तयारीत आहेत. काहीतरी करा हो!” म्हणजे रविवारच्या आत चोर सापडायलाच हवा होता.

या सरदाराशी भर दुकानात भांडलेले दोन आयटीवाले आम्ही जबाबासाठी बोलावले. त्यातला पुण्याचा रडकुंडीला आला. “काका, आय स्वेअर, आर्ग्युमेंट झालं, कबूल. पण आत गेलोच नाही यार! माझा व्हिसा जाईल हो.” तोंडाळ होता, पण खोटारडा वाटला नाही.

मी पुन्हा हॉलमध्ये गेलो. बाहेर चिखल झालेला बर्फ, आणि आत गालिच्यावर एक डाग नाही. माझा सहकारी म्हणाला, चोर फार सावध दिसतो. कसला सावध, डोंबल! त्याने दारात जोडे काढले होते. तसबिरीचा हारही जमिनीवर न टाकता उंच फळीवर नीट ठेवलेला. हा माणूस घरचाच होता.

लंगरच्या स्वयंपाकघरात त्या तरुणाची आई रोट्या लाटत होती. तिला सगळे बीबीजी म्हणत. गुरुद्वाऱ्यात जो तो तिच्या नवऱ्याला ‘शहीदजी’ म्हणे; ती एकटीच ‘याचे पापाजी’ म्हणायची. मी हिंदीत म्हटलं, “तसबीर गेली, तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

“नाही पुत्तर,” ती म्हणाली. “तिथे त्यांचा जीव घुसमटत होता. आता बरे आहेत.”

आमच्या आईनेही जन्मभर वडिलांचं नाव घेतलं नाही; ‘हे’ म्हणायची, अगदी फोटोलासुद्धा. मी हळूच विचारलं, “आता कुठे आहेत ते?”

तिचं लाटणं थांबलं. “घरी.”

तिच्या घरच्या कपाटात, शालींच्या घडीत तसबीर मिळाली. मग ती बोलली. नवऱ्याला सरकारने मारलं नव्हतं. बंदुका लपवायला नाही म्हणाला म्हणून चळवळीतल्याच माणसांनी मारलं. तिने त्यांना जेवायला वाढलं, आणि हात धुतल्यावर ते त्याला बाहेर घेऊन गेले. “त्यांच्याच झेंड्याखाली यांना फिरवायचं? ते मला सहन झालं नाही.”

तक्रारदाराला सांगणं भाग होतं. मी म्हटलं, मी सांगतो. ती म्हणाली, “नको. माझं मी सांगते.”

मुलगा आला. आईने त्याला सगळं सांगितलं. त्याचा सरकारवरचा रागही पोकळ नव्हता. त्याच्या मामाला पंजाबात खरोखरच पोलिसांनी उचललं होतं, तो परत आलाच नाही. “खोटं बोलतेस,” तो म्हणाला. मग, “आजवर का नाही सांगितलंस?”

“तू सूड घ्यायला निघाला असतास, बेटा.”

त्याने तक्रार मागे घेतली आणि तसबीर घरीच होती, एवढंच आपल्या पोरांना सांगितलं. रविवारी मिरवणूक तसबिरीविनाच मंदिरावरून शांतपणे निघून गेली. कॅप्टनने माझी पाठ थोपटली. तो तरुण मात्र त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाला गेला, आणि आईचा फोन त्याने पुन्हा कधी उचलला नाही.

चोर कसा ओळखायचा हे खात्याने मला शिकवलं. पण काही घरं एका न बोललेल्या गोष्टीवर उभी असतात, आणि पोलिसाचं काम नेमकं ती बोलायला लावण्याचं, हे या केसने शिकवलं. फार वाईट शिकवण ती.

निवृत्तीनंतर एकदा तिला भेटायला गेलो. तिने आग्रहाने जेवायला बसवलं. वाढता वाढता विचारलं, “पुत्तर, खरं सांग. मी गप्प राहिले असते तर तो माझ्यापाशी राहिला असता ना?”

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण ती माझ्याकडे बघत होती.

“हो, बीबीजी,” मी म्हटलं. “राहिला असता.”