अंबूअक्कांचा मोजलेला भात

माझ्यासारख्याने लिहायला बसावे याबद्दल प्रथम क्षमा मागतो. माझे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झाले. देवनागरी मी निवृत्तीनंतर गिरवली. पण अंबूअक्कांना ज्यांनी पाहिले नाही, त्यांना त्या कशा होत्या हे सांगणारे आता आमच्या घरात फारसे कोणी उरलेले नाही.

अंबूअक्का माझ्या मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी काय, किती आणि केव्हा खावे, हे त्या तंजावुरातल्या एका दवाखान्यात शिकवीत. शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. काही बोलण्याआधी त्या टेबलावर केळीचे पान पसरीत, भाताचे पातेले आणि पळी पुढे सरकवीत, आणि घरी वाढून घेता तसेच वाढा, असे सांगत. मग त्याच पळीने अर्धा भात मुकाट्याने पातेल्यात परत जाई. पापनाशमचे एक वृद्ध गृहस्थ एकदा चिडले. हा तर सांबाराचाच भात झाला, रसमचा आणि ताकाचा कुठे आहे, असे त्यांनी विचारले.

"तीन वेळां वाढला म्हणून त्याचे तीन पदार्थ होत नाहीत, मामा," अक्का म्हणाल्या. "अस्का भातच." अस्का म्हणजे आमच्या तंजावुरी मराठीत सगळा. ‘थोडासा’ हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. कोणी तो उच्चारला की त्या पळी त्याच्या हाती देत आणि म्हणत, "दाखवा."

मला इन्सुलिन सुरू झाले तेव्हा मीही त्या वर्गात जाऊन बसलो. घरी मला ‘तूं’ म्हणणाऱ्या अक्का तिथे ‘राव’ म्हणत आणि माझाही भात इतरांइतकाच निर्दयपणे काढून घेत. पहिल्या दिवशी बाहेर पडताना मात्र त्यांनी मला दाराशी थांबवले. "सुई टोचली, कीं तूं घड्याळाचा. मग तूं घरचा नव्हेस, पाहुण्यांचाही नव्हेस."

ते वाक्य माझ्याभोवती भिंतीसारखे उभे राहिले. लग्नाला जावे तर सुईची वेळ ठरवण्यासाठी पान केव्हा मांडणार हे यजमानाला विचारावे लागे, आणि ते विचारणे मला जमत नसे. म्हणून मी जाणेच सोडले. अक्कांच्या ते लक्षात आले. जेवण केव्हा, इतकेच तर विचारायचे, असे त्या पुन्हापुन्हा सांगत. मी मान हलवीत असे.

वडिलांचे श्राद्ध माझे थोरले बंधू, अण्णा, करतात. ब्राह्मणांचे भोजन होईपर्यंत घरात कोणी तोंडात काही घालीत नाही. आठवडाभर आधी अक्कांनी मला बजावले होते, की त्या दिवसाच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचार, आणि मी सकाळी खाणार आहे हे अण्णांना सांगून ठेव. मी दोन्ही केले नाही. इन्सुलिन चुकवायचे नाही एवढे मात्र पक्के शिकलो होतो, म्हणून सकाळी आठ वाजता नेहमीची सुई घेतली आणि उपाशी बसलो.

ब्राह्मण तिरुवैयारुहून यायचे होते, बस रखडली. साडेदहाच्या सुमारास मला घाम फुटला, साखर उतरू लागली होती. ग्लुकोजची पुडी खिशात होती. ती मी मुठीत धरली. अण्णा चार हात अंतरावर दर्भ मांडत होते, आणि त्यांच्यासमोर पुडी फोडण्याचे धैर्य मला झाले नाही. मग खांबाला टेकून मी खाली घसरलो. शुद्ध पुरती गेली नव्हती. अण्णा सोवळ्यातच उठले, त्यांनी माझी मूठ उघडली, ग्लुकोज पाण्यात कालवून घोटघोट पाजले. मी सावरल्यावर ते एवढेच म्हणाले, "सांगितलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं का रे?"

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. त्या अण्णांना बोलतील असे मला वाटले होते, किंबहुना तशी आशाच होती. त्या माझ्यासमोर बसल्या.

"पुडी खिशात ठेवायला मी शिकवलं. ती फोडायला कोणाची परवानगी पाहिजे होती तुला?"

मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "भात मोजायला अस्के शिकतात रे. तोंड उघडायला कोणी शिकत नाही, कां म्हणजे तें मला शिकवतां येत नाही." त्यांना हरलेले मी तेव्हाच पाहिले.

गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाने अक्का गेल्या. त्यांचा मुलगा कोइंबतूरला नोकरी करतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. वर्षश्राद्ध जवळ आले आहे, ब्राह्मण मिळत नाहीत, तेव्हा आईच्या पानावर तुम्हीच बसा, अशी त्याने विनंती केली. त्या पानावर बसणाऱ्याने सकाळपासून काही खायचे नसते, आणि नंतर वाढतील त्याला नको म्हणायचे नसते. तो तृप्त होऊन उठला, तरच गेलेला जीव तृप्त झाला असे मानतात.

"आईला तुमचा फार लळा होता, मामा," तो म्हणाला.

मी "बरं" म्हणालो.

तेव्हापासून चार वेळा फोन हाती घेऊन खाली ठेवला आहे. श्राद्ध गुरुवारी आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या मुलाला काय सांगितले असते?