स्पेस दाबा

मंडळी, दुपारपासून डोकं बंद आहे, म्हणून इथे लिहितोय.

माझा लॅपटॉप चालू होताना आपली सिस्टीम ओरिजिनल आहे का ते तपासतो. टचपॅड अडकायचा म्हणून मला कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, बूट सेटिंगमध्ये एक शब्द घालायचा होता. त्यासाठी ही तपासणी बंद करून ठेवलेली. आज आधी जुन्या कर्नलची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली, मग सेटिंग बदलली. रीस्टार्ट केला आणि तेवढ्यात वॉचमनचा फोन आला, म्हणून पार्सल घ्यायला खाली गेलेलो.

तपासणी बंद असली की दर वेळी स्क्रीनवर वॉर्निंग येते: ती परत चालू करायला स्पेस दाबा. दाबलं की लॅपटॉपमधलं सगळं पुसलं जातं. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं.

वर आलो तर आई म्हणाली, "अरे, ते टूं टूं करत होतं. स्पेस दाबा लिहिलेलं, दाबलं. मग एंटर म्हणाला, तेपण दाबलं. झालं ना चालू?"

"हो," म्हणालो.

पुसलं गेलं त्यात ठाण्याच्या आत्याचं रेकॉर्डिंग होतं. खाडीतल्या माशांची नावं ती आमच्या कोळी बोलीत सांगत होती, मध्येच "नीट आयक रं" म्हणून मला ओरडत होती. दिवाळीत आत्या गेली.

कर्नल तर नेटवरून कधीही परत मिळतं. माझ्याकडे कॉपी त्याचीच आहे.

चहा झाला की आई आत्याचं ऐकायला बसणार आहे. तिला काय सांगू?