मुनशींची हुबेहूब नक्कल

मुरूमच्या अलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला टेकून असलेल्या त्या गावात जुना उर्दू कागद वाचणारे एकटे बंडप्पा मुनशी. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतनं झाली, मग तहसिलीत नकला करायचं काम. राज्य गेलं आणि तिशी उलटल्यावर मुनशींनी मराठी बाराखडी गिरवली. तरी अक्षर असं की बघत राहावं.

बहात्तरच्या दुष्काळात चौघांच्या सामाईक विहिरीनं तळ गाठला. एरवी ज्याला लागंल त्यानं मोट धरायची, पहिला कोण अन् मागला कोण कुणी इचारत न्हवतं. आता सोसायटीनं इंजन बसवलं आणि पाळ्या धरायचं ठरलं. सेक्रेटरी हिंमतराव स्वतः चौघांतले एक. त्यांनी पेटीतनं बापजाद्यांचा पाळीचा कागद काढला. एका ओळीत चार घरं, घरात एकेक नाव, सगळं उर्दू.

“मुनशी, मराठीत उतरवा. हुबेहूब पायजे.”

मुनशींनी तशीच चार घरं आखली अन् एकेक नाव जिथल्या तिथं बसवलं. शिक्का पडला. ज्याच्या घराण्याचं नाव, त्याची पाळी: पहिली हिंमतरावांची, चौथी सरुबाईची.

पहिल्या दोघांचं भिजलं की विहीर चिखल ओकायची. चौथ्याला पाणी मिळायला पंधरवडा. सरुबाईची अर्धा एकर मिरची तोवर जळून जाणार, आणि रानात दुसरं काही उरलेलं न्हवतं. ती मुनशींच्या ओसरीवर येऊन बसली.

“मामा, पहिलं पाणी आमचं म्हणून सासरा सांगायचा.”

“कागद म्या वाचलाय, सरु. सासरा सांगून गेला, कागद हाय तसा हाय.”

“मग मला बी वाचून दावा. हिंमतरावांच्या घरी चहा पिऊन लिवला म्हणत्यात लोक.”

हे मुनशींना झोंबलं. त्यांनी अजून आपल्याकडंच असलेला मूळ कागद मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचाय लागले. बोट पडलं उजव्या टोकाला.

“आबाराव…”

“ते माझे आजेसासरे,” सरुबाई म्हणाली.

मुनशींनी जवळ ठेवलेली मराठी नकलेची दुसरी प्रत बघितली. आबाराव तिथं बी उजव्याच टोकाला होते. पण उर्दू ओळ उजवीकडनं सुरू होते, मराठी माणूस डावीकडनं धरतो. पहिला गडी शेवटाला जाऊन बसला होता. एक अक्षर चुकलं न्हवतं अन् समदी ओळ उलटी झाली होती.

“तुझा सासरा खरा होता,” ते म्हणाले. “चल सोसायटीत.”

सोसायटीत पाच-सात जण बसलेले. मुनशींनी उभ्या उभ्या चूक सांगितली. हिंमतराव हसले.

“इतकी वर्षं नकला केल्या, अन् उजवं-डावं आत्ता कळलं व्हय?”

“तवा उर्दूतनं उर्दूत करत हुतो, हिंमतराव. घर हलवायची पाळी आली न्हाय.”

“शिक्का पडलाय.”

“शिक्का तुमचा, हात माझा. माझ्या हाताची नक्कल खोटी हाय, असं लिहून द्यायला आलोय. मग हा कागद तहसीलदाराम्होरं नेऊन वाचतो.”

बसलेल्यांतलं कुणी हसलं न्हाय. हिंमतरावांनी कोरा कागद म्होरं सरकवला. मुनशींनी चार घरं आखून आधी त्यांवर एक, दोन, तीन, चार आकडे टाकले, मग आबारावांचं नाव एकच्या घरात लिहिलं.

दुपारी इंजनाचं पाणी मिरचीत शिरलं. मुनशी पाटाच्या तोंडाशी उभे राहून सरी भरेस्तोवर बघत होते. सरुबाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, “मामा, बाजूला व्हा, पाट अडलाय.”