सोमीबाईच्या दोन चाळण्या

मूल गावच्या देवतळे गुरुजींचं नाव आधी लिहितो. त्यांनी माझ्या बापाची समजूत काढली नसती, तर मी बी.एस्सी. न होता धान रोवत राहिलो असतो. करणी, नजर यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे घडलं... आणि त्याचा संताप अजून गेलेला नाही.

तेव्हा आमचा जिल्हा चांदा. चामोर्शीजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. शेजारची सोमीबाई, एकटी बाई, बांबूच्या चाळण्या विणून बाजारात विकायची. तिची वीण वेगळीच — मधून निघून कडेकडे बारीक होत जाणारी वर्तुळं.

पौषात भर दुपारी पाटलांच्या धानाचं पुंजणं, म्हणजे कापून रचलेल्या पेंढ्यांचा ढीग, पेटलं. आसपास माणूस नाही, विडी नाही. फक्त कुंपणावर सोमीबाईच्या चाळण्या वाळत होत्या. झालं — बाईनं करणी केली, काढा गावाबाहेर!

मी जाऊन पाहिलं. दोन चाळण्या एकीवर एक अडकल्या होत्या. वरची जराशी फिरवली की खाली उजेडाची वर्तुळं उमटत आणि मधला ठिपका डोळे दिपवायचा. आणखी फिरवली की तोच ठिपका लांब जाऊन पडायचा. काच नाही, लेन्स नाही, नुसत्या कामट्या! एकेकटी धरली तर काहीच नाही.

पंचांसमोर हाच प्रयोग केला. ठिपक्याखाली ठेवलेल्या तणसातून, धानाच्या वाळल्या काडातून, धूर निघाला. मला वाटलं, बाई सुटली.

पाटील शांतपणे म्हणाले, "मास्तर, आता त तुमीच दाखवून देलं. हिच्या हातची वस्तू आग लावते."

सोमीबाई माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "तुमी काऊन दाखवलं जी?"

पुढच्या बाजाराच्या आत तिनं गाव सोडावं, असं ठरलं. त्याच चाळण्या घेऊन मी नागपूर गाठलं. तिथे त्यांची नुसती सावली पडली. एवढ्या मोठ्या भोकांतून उन्हाचा फोकस होणंच शक्य नाही, म्हणून प्राध्यापक हसले. गुरुजींना सगळं लिहिलं, तर त्यांनीही कळवलं, गप्प राहा, नोकरी सांभाळ. त्यावर त्यांना मी लिहिलं ते असं —

"तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, आज मोडतो. पुंजणं कशानं पेटलं, मला ठाऊक नाही. पण मला जे कळलं नाही, त्याची शिक्षा मी या बाईला होऊ देणार नाही. सोमीबाई आजपासून माझ्या घरी राहते, पाटलांना तसं सांगून आलो. नोकरी गेली तर मूलला येईन. तुम्ही बोलला नाहीत, तरी पाया पडून जाईन."