सुजलेल्या हातातली पाटली

नगरच्या एका दवाखान्यात मी कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. शेवगावकडची एक आजी मनगट मोडून आली होती, सोबत मुलगा होता. हात सुजत चालला होता, सोन्याची पाटली काढणं भागच होतं. ती ऐकेना. म्हणाली, "दुखू दे, पन पाटली ऱ्हाऊ दे."

मी दटावलं, "आजी, पोटच्या पोराकडेच देतेय ना!" साबण लावून पाटली काढली, मुलाच्या हातात दिली, रजिस्टरवर त्याची सही घेतली. गाडी लावून येतो म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. मोबाईलही बंद. मेल्याचा असला संताप आला! पण काढून दिली कुणी? मीच.

संध्याकाळी बीपी बघायला गेले, तर आजीनं दुसऱ्या हातातली पाटली पटकन पदराखाली लपवली. माझ्यापासून.