राजीनामा मंजूर

माझ्या नोकरीच्या करारात एक राज्य होतं, आणि ते राज्यच बरखास्त झालं. यावर हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा. मी दोन्ही केलं, तेही एका दिवसाच्या अंतरानं.

शहराच्या लष्कर भागात, टोपी बाजारातल्या एका छापखान्यात मी प्रुफं वाचायचे. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हा सगळ्या कचेऱ्यांचे अर्ज, पावत्या, पाकिटं नव्या नावानं छापावी लागली. आमच्या सेठजींकडे एवढं काम आलं की त्यांनी पहिल्यांदाच एका बाईला नोकरीवर ठेवलं. करार त्यांनी आपल्या हातानं लिहिला: जोवर मध्यभारत शासनाचं काम चालेल तोवर नोकरी पक्की, ठरलेला पगार आणि दर वर्षी बढती. मी तो कागद ट्रंकेत साड्यांखाली ठेवला आणि विसरून गेले.

काही वर्षांनी राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला बसली. मी मनात म्हटलं, चला, पुन्हा सगळे कागद बदला, आपली तर चांदी. कसली चांदी! सेठजींनी मला बोलावलं आणि पान खात खात सांगितलं की मध्यभारतच राहिला नाही तर करार कुठला राहणार? आता पगार नाही, बढती नाही. वाटलं तर पानांच्या हिशोबानं काम करा, असेल तेव्हा देऊ.

माझं डोकंच फिरलं. अहो, काम तेच, टेबल तेच, छपाईच्या शाईनं काळी झालेली माझी बोटं तीच, बदललं फक्त नाव, आणि त्या नावाच्या बदलाचेच तर तुम्ही पैसे कमावताय, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, लिहिलंय ते लिहिलंय. मी म्हटलं, वाचणारी मी आहे. असे आम्ही आठवडाभर भांडलो. मशीनवाले काम थांबवून ऐकायचे, आणि खरं सांगते, मलाही त्यात जरा मजा यायला लागली होती.

पण घरी आले की मजा उतरायची. दादाची कचेरी भोपाळला हलली होती, वहिनीची बांधाबांध चालू होती. आई नव्हती. गोरखी वाड्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत मागे राहणार ते अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि मी. दादाचं म्हणणं सरळ होतं: तुझा पक्का पगार असेल तर दोघं राहा, नाहीतर दोघांनी चला. भोपाळला माझ्यासाठी एक स्थळही हेरून ठेवलं होतं. फोटो मी पाहिला होता, त्याबद्दल न बोललेलं बरं. अण्णांना विचारावं तर ते म्हणायचे, "मला काय, न्याल तिथे येईन." मला त्यांचा असा राग यायचा! जन्म काढला ते गाव, आणि हा माणूस माझ्या बाजूनं एक शब्द बोलेल तर शपथ.

शेवटी एका दुपारी सेठजी कंटाळले. म्हणाले, "बाई साहब, रोज़-रोज़ की चिकचिक छोड़िए। कल राजीनामा लिख लाइए, बात ख़त्म।"

तळपायाची आग मस्तकात गेली. करार मोडायचा यांनी आणि राजीनामा लिहायचा मी! तडतडत घरी आले. अण्णा मटार सोलत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, सांगता सांगता रडलेसुद्धा. अण्णांचा हात थांबला. "राजीनामाच म्हणाले? नक्की हाच शब्द?" मी म्हटलं, मी काय बहिरी आहे? तर ते टुणकन उठले, कागद काढला, दौत काढली. एवढा उत्साह त्यांच्या अंगात मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला वाटलं, झालं, यांना भोपाळला जायचा आनंद झालाय. फार लागलं ते मला.

ते म्हणाले, हिंदीत लिही, वर मोठ्या अक्षरात 'राजीनामा', खाली एकेक कलम. अण्णांचा जन्म दरबारच्या अदालतीत कारकुनी करण्यात गेलेला, कलमं पाडल्याशिवाय ते वाण्याची यादीही लिहीत नसत. मी रागात होते, सगळं ओकले. नोकरी पक्की मानली जावी. पगार पूर्वीसारखा. बढती थकवू नये. रविवारी बोलावू नये. शेवटी लिहिलं, याच अटींवर मी काम करू शकते. आता नोकरी सोडते असं लिहायला गेले तर अण्णांनी अडवलं. वर राजीनामा लिहिलंस ना, मग पुन्हा कशाला? त्याऐवजी खाली दोन सह्यांपुरती जागा सोड. मी सोडली.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी तो कागद बोट फिरवत वाचला. रविवारच्या कलमावर त्यांनी तोंड वाकडं केलं. मग टाक उचलला, सही ठोकली आणि म्हणाले, "चलिए, आपका राजीनामा मंज़ूर।"

संपलं. मी छत्री घेतली, डबा घेतला, पदरानं नाक पुसलं आणि दाराशी गेले.

"कहाँ चलीं? प्रूफ़ कौन देखेगा?"

मी म्हटलं, आत्ताच तर राजीनामा मंजूर केलात. ते म्हणाले, हो, केला की, तुम्ही राजी, आम्ही राजी, आता बसा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अदालतीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी होऊन केलेली तडजोड. नोकरी सोडायची तर ते 'इस्तीफ़ा' म्हणाले असते. अदालतीचे कागद आमच्याकडे छापायला येत नसत, पण तरी शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला हे कळू नये? मी खुर्चीत बसले आणि इतकी हसले की कंपोझिटरनं पाणी आणून दिलं. त्या दिवशीच्या प्रुफात किती चुका सुटल्या ते विचारू नका.

संध्याकाळी मी जवळजवळ पळतच घरी गेले. कागद अण्णांसमोर धरला. तुम्हाला माहीत होतं!

होतंच, म्हणाले. नोकरीभर राजीनाम्यांच्या नकला उतरवल्यात. मग मला सांगितलं का नाही? तर म्हणे, सांगितलं असतं तर तू भिडेखातर निम्म्याच अटी लिहिल्या असत्यास.

मला पुन्हा हसू फुटलं. अण्णा मात्र हसत नव्हते. सेठजींच्या सहीकडे बघत म्हणाले, "मला नव्हतं गं जायचं भोपाळला."

"मग न्याल तिथे येईन, न्याल तिथे येईन, काय लावलं होतंत?"

"लेकीच्या पगारावर राहतो, असं बापानं कोणत्या तोंडानं म्हणायचं?"

माझं हसू गेलं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "आता म्हणा."

कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मग अण्णांनी तेच म्हटलं.