बाईंचे रविवार

बाई गाताना कधी डोळे मिटत नसत. "डोळे मिटून न्हाणीघरात गायचं," त्या म्हणत. "इथे लोक गाडी काढून आलेत." बाई जपानी, गाणार जॅझ; पण आम्हा पुण्याच्या माणसांना शिकवणारी कुणीही बाईच. त्याही त्या हाकेला ओ देत.

विशीत त्या योकोहामाच्या हॉटेलांत गायला लागल्या, मग कितीतरी वर्षं प्रवासी जहाजांवर गायल्या. जहाजावरच्याच एका किवी इंजिनिअरशी लग्न करून न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला आल्या. नवरा गेला, गाणं राहिलं. दर रविवारी दुपारी त्या म्हाताऱ्यांच्या एका क्लबात गात. समोर चार डोकी असली तरी एक गाणं कमी होत नसे.

भूकंपानंतर आम्ही ख्राइस्टचर्च सोडून त्यांच्या शेजारी राहायला आलो. गणपतीत माझी पेटी ऐकून त्यांनी मला पियानोवर बसवलं, कारण त्यांचा पियानोवाला, इथले बरेच जण जातात तसा, ऑस्ट्रेलियाला गेला होता. मला सवय भजनाची. गाणाऱ्याने ओळ घेतली की तीच मागोमाग पेटीवर घ्यायची. पहिल्याच दिवशी बाईंनी गाणं थांबवलं. "माझ्या मागे मागे काय येतोस? मी हरवलेली नाहीये. तू तुझ्या रस्त्याने ये, कोपऱ्यावर भेटू." भरपूर बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे थोडाफार जॅझ बोटांत उतरला.

मग बाई खरंच हरवायला लागल्या. एकदा पहिलंच कडवं पुन्हा गायल्या आणि "आवडलं म्हणून परत," असं म्हणून हसल्या. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "लोकांना कळायच्या आत मला थांबव. माझं मला समजणार नाही. तू सांगायचंस." मी शब्द दिला.

मी भजनाची सवय उलटी केली. ओळ यायच्या आधीच तिचे सूर वाजवून ठेवायचे, म्हणजे शब्द पाठोपाठ येत. बरेच महिने निभावलं. एका रविवारी मात्र मी सूर देत राहिलो आणि बाई माइक धरून नुसत्या उभ्या. मी तसंच वाजवत गाणं शेवटाला नेलं. लोकांना वाटलं, आज पियानोची पाळी. टाळ्या पडल्या.

घरासमोर गाडी थांबवून म्हटलं, "बाई, आता पुरे." जिच्याकडून शिकलो तिलाच हे सांगायचं, अगदी जिवावर आलं होतं.

बाई पर्स उघडत-मिटत राहिल्या. "लोकांना कळलं?"

"नाही."

"बरं केलंस सांगितलंस."

पण हेही त्या विसरल्या. पुढच्या रविवारी नटूनथटून आमच्या दारात हजर. "चल, उशीर होतोय." बायको मला आत नेऊन म्हणाली, "अरे, थाप मार ना. क्लब बंद आहे म्हण." मला ते जमेना, शब्द दिला होता. मी पुन्हा सांगितलं आणि बाईंचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखाच उतरला. पुढे त्या वारल्या, तोवर आमचे बहुतेक रविवार असेच गेले.

"लोकांना कळलं का रे?"

"नाही, बाई. कुणालाच नाही."

"मग वेळेवर थांबले मी," असं म्हणून त्या समाधानाने घरी परत जात.